फर्म्याफर्म्याने: अण्णांच्या कपाटाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

गिरगावातली खोली सोडताना अण्णांचा एकच हट्ट होता, पुस्तकांचं कपाट सोबत यायला हवं. दोन वर्षं झाली, ते आमच्या मुलुंडच्या घरी बाहेरच्या खोलीत दाराआड उभं आहे. आज सगळं खाली काढून पुसलं. ४१ पुस्तकं निघाली. कथा, नाटकं, प्रवासवर्णनं, दोन चरित्रं, गृहोद्योगावरचं एक पातळ पुस्तक. त्यातली चार-पाच सोडली तर मी एकही वाचलेलं नाही.

वाचायचं आत्ताच का, तेही लिहून ठेवते. गेल्या दिवाळीत वर्तमानपत्र हातात धरून अण्णा म्हणाले, "ही छपाई बघ. ओळ मध्येच दबलीये." मला ओळ सरळ दिसत होती. अण्णांनी चोवीस वर्षं छापखान्यात जुळारी म्हणून काढली. खिळ्याला, म्हणजे अक्षराच्या धातूच्या ठशाला, खिळा लावून ओळ सरळ बसवणं हेच त्यांचं काम. त्यांना ओळ वाकडी दिसते म्हटल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. तपासणीत निघालं की उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, बिघडलाय. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून फ्रिजवर चौकटींचा एक कागद चिकटवलाय. रोज सकाळी एकेक डोळा झाकून अण्णा त्या रेघांकडे बघतात.

दसऱ्याच्या आत कपाट वाचून काढायचं. प्रत्येक पुस्तकाबद्दल त्यांच्याशी बोलायचं, त्यांना आठवतंय तोवर. आजपासून ३८ आठवडे आहेत, म्हणजे आठवड्याला एकाहून थोडं जास्त. जमेल असं आज तरी वाटतंय.

२६ जानेवारी, रविवार

तीन आठवड्यांत तीन पुस्तकं व्हायला हवी होती. दीड झालं.

कारणं शोधत बसले नाही, हिशेब कुठे चुकला ते बघितलं. आमचं ऑफिस फोर्टात, मी लेखा विभागात आहे. मुलुंड ते सीएसएमटी स्लो लोकलने साधारण पाऊण ते एक तास, जाऊन-येऊन दोन तास वाचनाचे, असं मी धरलं होतं. पण गाडीत बसलेला तास आणि वाचलेला तास एक नसतो. पुढचा आठवडा वाचायची घाई नाही, फक्त मोजायचं. रोज कुठे पुस्तक उघडलं, कुठे मिटलं, किती पानं झाली, एवढंच डायरीत.

२ फेब्रुवारी, रविवार

मोजलं. सकाळची ठाणे लोकल ठाण्याहूनच सुटते, मुलुंड तिचं पहिलंच स्टेशन. त्यामुळे लेडीज डब्यात पाचातले चार दिवस बसायला मिळालं, निदान तिघींच्या बाकावरची चौथी सीट तरी. घाटकोपरपर्यंत पुस्तक मांडीवर नीट उघडं राहतं. कुर्ल्यापासून कोपर हलवायला जागा उरत नाही आणि समोर उभी असलेली बाई "कुठे उतरणार?" म्हणून विचारते, तेव्हा मान वर करून बोलणं भाग असतं. संध्याकाळी सीएसएमटीला गाडी रिकामी लागते, खिडकीही मिळते. तिथून कुर्ल्यापर्यंत वाचन होतं. त्यापुढे डोळे मिटतात. गेल्या पाचही दिवशी मिटले.

म्हणजे दोन तासांतला कामाचा भाग जेमतेम एक तास. या आठवड्यात दुसरं पुस्तक संपलं, एवढं मात्र झालं.

जेवताना अण्णांना हे सांगत होते, एका खेपेला पंधरा पानं, कधी अठरा. ते म्हणाले, "अगं, पानं काय मोजतेस? फर्मे मोज."

मी विचारलं, "म्हणजे कसे?"

"ते कुठलंही आण, दाखवतो."

मी एक डेमी आकाराचं पुस्तक दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं नाही, बोटांनी पाठ चाचपली, शिवणीपाशी अंगठा घातला आणि उघडलं. "खाली कोपऱ्यात बारीक आकडा आहे का?" पान १७च्या तळाशी होता, २. पान ३३च्या तळाशी ३. मग ४९, ६५, ८१, ९७. मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ पानं, दुसऱ्या बाजूला आठ. कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा. हे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. बाइंडरला क्रम चुकू नये म्हणून तो आकडा. इतकी वर्षं पुस्तकं हाताळतेय, त्या आकड्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

गाडीतल्या नोंदी पुन्हा बघितल्या. एका फर्म्याला मला सरासरी २६ मिनिटं लागतात. मुलुंडला उघडलेला फर्मा कुर्ल्याला संपतो. सीएसएमटीला उघडलेलाही कुर्ल्यालाच संपतो. इतकं नेमकं माप मी स्वतः ठरवूनही काढलं नसतं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज खरं वेळापत्रक केलं. दुपारभर बसले.

आधी माल किती ते. ४१ पुस्तकांची पानं बेरजेला घेतली, ९,८४०. म्हणजे ६१५ फर्मे, सरासरी पुस्तकाला पंधरा. आता वेग. दिवसाला दोन, कामाचे पाच दिवस, म्हणजे दहा. रविवारी घरी दोन. आठवड्याला बारा. ६१५ भागिले १२, एक्कावन्न आठवडे. दसऱ्याला उरलेत साडेतेहतीस. आणि तेही सगळे माझे नाहीत: मार्चअखेरचे तीन जातील, मे महिन्यात गावी एक, गौरी-गणपतीचे दीड. राहिले अठ्ठावीस. त्यातला दर पाचवा आठवडा मी मुद्दाम कोरा ठेवलाय. आजारपण, पाहुणे, बंद पडलेली गाडी, हे सगळं त्यात जिरेल. कोरे वगळले की हातात बावीस.

बावीस बारा दोनशे चौसष्ट. ४१ पुस्तकं होणार नाहीत. कागदावर आकडा दिसल्यावर वाईट वाटलं, पण वेग वाढवून हा फरक भरून निघणारा नाही. रोज गाडीत झोप येते, ती पुढेही येणारच.

म्हणून निवड करायची ठरवलं आणि ती अण्णांवर सोपवली. पुस्तकं एकेक त्यांच्या हातात देत गेले. सात त्यांनी वेगळी काढली.

"हीच का?"

"ही मी जुळवलेली."

मला माहीत नव्हतं. सातही पुस्तकांवर लेखकाचं नाव आहे, प्रकाशकाचं आहे, मुद्रकाचं आहे, मुखपृष्ठ करणाऱ्याचं आहे. जुळाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

ही सात मी गाडीत वाचणार नाही. रात्री जेवणानंतर अण्णांना मोठ्याने वाचून दाखवणार. लगेच एक फर्मा वाचून मोजला: ४२ मिनिटं. मनातल्या वाचनाला २६, आवाजाला ४२. हा फरक लक्षात न घेता बेत केला असता तर पुन्हा फेब्रुवारीतच कोलमडला असता.

सातांचे मिळून ७७ फर्मे. रात्री अर्धा फर्मा, एकवीस मिनिटं. त्याहून जास्त माझा घसा आणि त्यांची बैठक दोन्ही टिकत नाही. आठवड्यात पाच रात्री, अडीच फर्मे. बावीस आठवड्यांत पंचावन्न. बावीस कमी पडतात. मग रविवारचं माझं स्वतःचं वाचन काढून टाकलं आणि रविवारी दुपारी अण्णांसाठी एक पूर्ण फर्मा धरला. रविवारी मेगाब्लॉक असतो, आमचं बाहेर जाणं तसंही टळतं. साडेतीन गुणिले बावीस, सत्त्याहत्तर. बरोबर बसलं.

गाडीसाठी आठवड्याचे दहा, एकूण दोनशे वीस. त्यात बारा पुस्तकं घेतली, १८० फर्म्यांची. चाळीस फर्मे शिल्लक ठेवले. जानेवारीतली दोन धरून दसऱ्यापर्यंत एकवीस. उरलेली वीस पुढच्या वर्षी. तेही डायरीत आजच लिहून टाकलं, म्हणजे ती राहून गेली असं होणार नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. ऑफिसात कार्यक्रम होता, सात वाजले. परतीची गाडी गर्दीची, उभ्याने आले. गाडीतला फर्मा शून्य. रात्रीचा अर्धा झाला.

सासूबाई बाजूला बसून ऐकत होत्या. त्या दरवर्षी श्रावणात ज्ञानेश्वरीचं सात दिवसांचं पारायण करतात. माझी डायरी बघून म्हणाल्या, "आम्ही काय वेगळं करतो गं? रोजचं वाचन ठरलेलं असतं, तेवढं उठायच्या आत पुरं करायचं." मी विचारलं, अठरा अध्याय सात दिवसांत कसे बसवता? त्यांनी सांगितलं की अध्याय मोजून चालत नाही. बारावा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आत आटोपतो, अठरावा अठराशेच्या वर जातो. शेवटच्या दिवशी तो एकटाच दमवतो. त्यांच्या पोथीत कुठल्या दिवशी कुठे थांबायचं तिथे तांबड्या दोऱ्याच्या खुणा आहेत, त्यांच्या सासूबाईंनी घातलेल्या.

माझ्याही बेतात एक चूक होती, ती यावरून कळली. सगळी पानं मी सारखी धरली होती. गाडीच्या यादीतली दोन पुस्तकं जुन्या बारीक टाइपात आहेत. त्यांच्या पानावर ३८ ओळी, बाकीच्यांच्या ३२. त्या दोघांच्या फर्म्याला सव्वा फर्मा धरायला हवा. शिलकेच्या चाळिसांतून तेवढे वळते केले.

२३ मार्च, रविवार

मार्चअखेर. गाडीत पुस्तक उघडलंच नाही, फोनवर ताळेबंद चालू. हे तीन आठवडे मी आधीच वजा केले होते, त्यामुळे मनाला बोचणी नाही. पण रात्रीचं वाचन पूर्ण बंद पडू दिलं नाही. अकरा वाजता आले तरी दोन पानं वाचते. अण्णा जागे असतात. दोन पानांना पाच-सहा मिनिटं. फर्म्याच्या हिशेबात ते नगण्य आहे, तरीही डायरीत त्याचा वेगळा रकाना केलाय.

६ एप्रिल, रविवार

पहिलं मोठ्याने वाचायचं पुस्तक चालू आहे, कथासंग्रह. आज पान ९६ संपलं आणि पुढचं पान ११३. वाक्य अर्धवट. मला वाटलं पानं सुटून पडली. शोधली, कपाटात नाहीत.

अण्णांनी पुस्तक मागितलं, शिवणीवरून बोट फिरवलं. "सातवा फर्मा नाही. पडला नाही, बसवलाच नाही. फर्मे उचलताना बाइंडरकडून राहिला." ९७ ते ११२, नेमकी सोळा पानं. पुस्तक आलं त्या वर्षापासून ते तसंच आहे. अण्णांनी कथा खिळ्यांत जुळवली होती, प्रुफं पाहिली होती, म्हणून छापलेली प्रत कधी पूर्ण वाचली नव्हती.

१२ एप्रिल, शनिवार

दादरला उतरून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. १८९८ सालची संस्था. तिथे हे पुस्तक मिळालं, सातव्या फर्म्यासकट. टेबलाशी बसून हलक्या आवाजात सोळा पानं वाचून फोनमध्ये रेकॉर्ड करून घेतली. चाळीस मिनिटं लागली. एकदा खुर्ची सरकल्याचा आवाजही त्यात आलाय.

रात्री अण्णांना लावून दिलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा ऐकताना ओठ हलत होते त्यांचे.

वेळापत्रकात या शनिवारी काहीच नव्हतं. कोऱ्या आठवड्यातला दिवस खर्ची पडला. त्यासाठीच तो होता.

२६ मे, सोमवार

गावाहून कालच परतलो आणि आज पावसाने मुंबई गाठली. मे महिन्यात! रुळांवर पाणी, गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी. खिडकी बंद करेपर्यंत मांडीवरचं पुस्तक भिजलं. जुना, पिवळा पडलेला कागद. पाणी लागलं की तो फुगतो आणि वाळताना पापडासारखा वाकतो. घरी येऊन पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याखाली ठेवलं. चार पानांच्या कडा गेल्या, मजकूर शाबूत राहिला.

आजपासून नियम: पावसाळ्यात कपाटातलं एकही पुस्तक घराबाहेर जाणार नाही. गाडीच्या यादीतली राहिलेली पुस्तकं इथल्या महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयात मिळतात का ते बघायचं. जी मिळतील ती जून ते सप्टेंबरमध्ये, न मिळणारी पुढच्या हिवाळ्यात. हे फेब्रुवारीत सुचायला हवं होतं. पुस्तकांचा क्रम लावताना ऋतू बघितला नाही.

१५ जून, रविवार

ग्रंथालयात पाच मिळाली. तीन मिळाली नाहीत. ती तीन यादीतून काढली. गाडीचं उद्दिष्ट आता बारावरून नऊ. पेन्सिलने नाही, शाईने खोडलं.

रात्रीचं वाचन मात्र वेळेवर आहे. तिसरं पुस्तक चालू. ही एका जंगलाची कथा, लांबलचक. आज वाचायला बसले तर अण्णा म्हणाले, "या पुस्तकात कुठेतरी एक उलटा खिळा राहिलाय. तिसऱ्या नाहीतर चौथ्या फर्म्यात. तुला दिसेल."

मी अर्थ विचारला. हाताने जुळणी करताना प्रत्येक अक्षराचे खिळे केसमधल्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतल्या, आपापल्या खणात असतात. या कथेत काळोख, जंगलातला काळा खडक, सावळी, डोळे, पानोपानी 'ळ'. पानं छापून सुटली नव्हती, खिळे त्यांत अडकलेले आणि खणातले 'ळ' संपले. अशा वेळी जागा धरून ठेवायला दुसराच एखादा खिळा उलटा लावतात, तोंड खाली, बूड वर. नंतर 'ळ' मोकळे झाले की बदलायचा. एक बदलायचा राहिला. प्रुफात कोणाच्या नजरेतून निसटला आणि छापून गेला. "मालक काही बोलले नाहीत," अण्णा म्हणाले, "पण मला तो अजून दिसतो."

पान ५३, वरून नववी ओळ. 'डो' आणि 'ा'च्या मध्ये अक्षर नाही, शेजारी शेजारी दोन काळ्या जाड रेघा आहेत, खिळ्याच्या बुडाचा ठसा. चौथा फर्मा. मी अण्णांचं बोट धरून त्या जागी ठेवलं. कागदाच्या मागच्या बाजूने दाब अजून लागतो. त्यांनी तिथे बोट बराच वेळ ठेवलं. आज अर्ध्या फर्म्याऐवजी तीनच पानं झाली.

८ जुलै, मंगळवार

अण्णांचं इंजेक्शन. डोळ्यांत थेंब घालून बसवलं, नंबर यायला वेळ होता. पिशवीत पुस्तक होतं. हळू आवाजात पूर्ण फर्मा झाला. शेजारच्या आजी मध्येच म्हणाल्या, "जरा मोठ्याने वाच गं बाई." वाचलं. यापुढच्या प्रत्येक तारखेला पिशवीत पुस्तक.

२० ऑगस्ट, बुधवार

काल मुख्य मार्गावरच्या गाड्या बंद पडल्या. आज घरूनच काम. जुलैअखेर मुलाला ताप होता, दहा दिवस गेले. कोऱ्या आठवड्यांपैकी आता एकही उरलेला नाही. गाडीची सात पूर्ण. रात्रीचं सहावं पुस्तक, गृहोद्योगाचं, कालच संपलं. साबण करायची कृती वाचताना सासूबाई कॉस्टिकच्या प्रमाणावरून अण्णांशी वाद घालत होत्या. लेखकाचं प्रमाण बरोबर, असं अण्णांचं म्हणणं, कारण आकडे त्यांनी तीनदा तपासून लावले होते.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी. गौरी-गणपतीचे दहा दिवस वाचन नाही, ठरल्याप्रमाणे. आज सातवं उघडलं. नाटक आहे, आठ फर्म्यांचं. संवाद असल्यामुळे मुलगाही वाचायला बसला, तो नायकाचं वाचतो, मी बाकीच्यांचं. अण्णा अधूनमधून म्हणतात, "आजोबाचं मी म्हणतो," आणि पाठ असलेलं म्हणतात. दोघांनी वाचल्यामुळे वेग मंदावलाय, फर्म्याला पंचावन्न मिनिटं. मोजलं, नोंदलं, पण मुलाला थांबवलं नाही. हे दसऱ्याला पुरं होणार नाही, हे आजच दिसतंय.

१ ऑक्टोबर, बुधवार

हिशेब. मोठ्याने: ७७ पैकी ७४ फर्मे, सहा पुस्तकं पूर्ण. गाडीत: खोडून उरलेली नऊही पूर्ण, शेवटचं काल विक्रोळीला संपलं. जानेवारीची दोन. एकूण सतरा पूर्ण, एक चालू.

फ्रिजवरच्या कागदावर डाव्या डोळ्याला रेघा अजून सरळ दिसतात. उजव्याला मध्ये धुरकट, गेल्या महिन्याइतकंच.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

छापखान्यात दसऱ्याला यंत्रं धुऊनपुसून झेंडूची माळ घालायचे, अण्णा सांगतात. आज पाटावर सरस्वती काढली. मुलाने त्याची वह्या-पुस्तकं ठेवली, सासूबाईंनी पोथी. अण्णांनी सातही पुस्तकं मागून घेतली, चाचपून क्रमाने लावली आणि पाटावर ठेवली. नाटकात पाचव्या फर्म्यानंतर आपट्याचं पान खूण म्हणून घातलं.

पूजेला ठेवलेलं पुस्तक आज उघडायचं नाही. उद्या रात्री, पान ८१.